महाराष्ट्राच्या गठ्ठ्यातलं बोरडोह

सौंसर
१२ जुलै

चि. ऋषिकेशला आत्याचे अ. उ. आशीर्वाद.

गुडघा सोडला तर माझी तब्येत ठीक आहे. मागच्या रविवारी तुझे बाबा पांढुर्ण्याहून येऊन गेले. श्रीधर माझा धाकटा भाऊ, पण हल्ली मलाच मीठ कमी खा म्हणून सांगतो आणि स्वतः लोणच्याची अर्धी बरणी रिकामी करून जातो. तुझ्यासाठी मुलींचे फोटो पाठवतो, तू उघडूनही बघत नाहीस, अशी त्याची तक्रार आहे. दिल्लीला खासदाराच्या ऑफिसात लागलास म्हणून एवढा भाव खायला नको.

आता कामाचं लिहिते. बोरडोहचं रेल्वे फाटक बंद करून रुळाखालून बोगदा काढला, हे तुला ठाऊक आहे. काढणाऱ्याने पाणी जायला नालीच ठेवली नाही. यंदाही जूनपासून त्यात कमरेएवढं पाणी उभं आहे. माझ्याकडे अभ्यासाला येणारी करुणा त्याच गावची, यंदा दहावीला. सायकलने फेरा घ्यायचा तर अकरा किलोमीटर, नाहीतर रूळ ओलांडायचे. शाळा सुरू झाल्यापासून पोरगी जेमतेम नऊ दिवस शाळेत पोचली. हजेरी भरली नाही तर बोर्डाचा फॉर्म भरता येणार नाही, असं हेडमास्तरांनी बजावलं आहे. तिचे वडील नत्थूजी म्हणून राहिले की रोज रूळ ओलांडून एक दिवस गाडीखाली येण्यापेक्षा पोरगी घरी बसलेली बरी.

या बोगद्यासाठी मी तुमच्या खासदार गौरवभैयांना मागच्या पावसाळ्यापासून तीन पत्रं लिहिली. तिन्ही रजिस्टर्ड. गावातल्या लोकांनीही आपापली लिहिली. कोणालाच एका ओळीचंही उत्तर नाही. तू तिथंच बसतोस ना? मग तिथं पत्रं उघडतो तरी कोण, तेवढं मला कळव. फोन करू नकोस, लिहून कळव. फोनवर तू हो हो म्हणतोस आणि विसरतोस.

जेवण वेळेवर करत जा. माझं तुझ्याकडे लक्ष आहे.

तुझी
अनुराधा आत्या


नवी दिल्ली
२१ जुलै

ती. आत्यास,
ऋषिकेशचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं, त्यामुळे सगळ्यांनी मला चिडवून घेतलं. आजकाल पत्र कोणाला येतं? गुडघ्याला तेल लावत जा. आणि फोटोंचं बाबांना सांगा, अधिवेशन संपलं की बघतो.

माझ्याकडे भैयाजींच्या वेबसाइटचं काम आहे. किती प्रश्न विचारले, किती दिवस हजर होते, कोणत्या गावाला काय दिलं, ते सगळं मी चढवतो. नागरिकांच्या पत्रांना शंभर टक्के उत्तरं, ही ओळ पहिल्याच पानावर आहे, आणि तिचं इथं फार कौतुक झालं. म्हणून तुमची तक्रार वाचून मला नवल वाटलं. मी नोंदवही पाहिली. बोरडोहचं नाव त्यात कुठंच नाही. पत्रं पोस्टात गहाळ झाली असावीत.

एक सुचवू का? पुढचं पत्र हिंदीत लिहा आणि ईमेल करा. मध्यप्रदेशच्या खासदाराचं ऑफिस, इथं सगळं काम हिंदीत चालतं. करुणाला म्हणावं, धीर धर. भैयाजी मनाने चांगले आहेत, त्यांच्यापर्यंत गोष्ट पोचली की काम होतं.

तुमची माया आहे तशीच राहू द्या.

तुमचा
ऋषिकेश


सौंसर
२ ऑगस्ट

चि. ऋषिकेशला आत्याचे आशीर्वाद. आज ते राग आवरून देत आहे.

परवा करुणाने मोबाइलवर तुमच्या भैयाजींचं लोकसभेतलं भाषण दाखवलं. छातीवर हात ठेवून सांगत होते की माझ्या क्षेत्रात रेल्वेने इतकं उत्तम काम केलं, की अंडरपासबद्दल आजवर एकाही नागरिकाची तक्रार माझ्याकडे आलेली नाही. ऐकून माझ्या हातातला चहा तसाच राहिला. एकही नाही? देशाच्या सभागृहात उभं राहून? तिथं बोललेला शब्द न् शब्द छापून ठेवतात, असं तूच मला कौतुकाने सांगितलं होतंस. म्हणजे उद्या कोणी विचारलं तर बोरडोहच्या लोकांना काही त्रासच नव्हता, असं कागदावर कायमचं राहणार.

आणि पत्रं पोस्टात गहाळ झाली म्हणतोस! माझ्याकडे तिन्ही पत्रांच्या पोचपावत्या आहेत. तिन्हींवर तुमच्या ऑफिसचा शिक्का आणि सही. पोस्टमनला उगीच बदनाम करू नकोस, तो बिचारा चिखलातून येतो.

पुढचं ऐक. काल मला महाराष्ट्रातल्या एका खासदाराच्या ऑफिसातून पत्र आलं, ते असं: तुमचं तिसरं पत्र दिल्लीहून आमच्याकडे पाठवण्यात आलं आहे, परंतु बोरडोह हे गाव आमच्या मतदारसंघात किंवा आमच्या राज्यात आढळत नाही, तरी योग्य ठिकाणी संपर्क साधावा. निदान त्यांनी वाचलं तरी! माझं पत्र त्यांच्याकडे गेलं कसं, याचा विचार करता करता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते मराठीत होतं म्हणून.

हिंदीत लिहा म्हणतोस. मला हिंदी येते, बत्तीस वर्षं मध्यप्रदेशच्या सरकारी शाळेत शिकवलं आहे. पण त्या तिन्ही पत्रांखाली अंबाबाईचा अंगठा आहे. अंबाबाई म्हणजे नत्थूजींची आई, करुणाची आजी. काय लिहिलं ते तिला वाचून दाखवल्याशिवाय ती अंगठा देत नाही, आणि तिला मराठीतच समजतं. निवडणुकीत तुमच्या भैयाजींनी तिच्या दारावर चिकटवलेलं पत्रक अगदी शुद्ध मराठीत होतं, आपला माणूस म्हणून. मत मागायला मराठी चालते आणि तक्रार मराठीत आली की ती महाराष्ट्राची होते का?

नत्थूजींनी राखीपर्यंतची मुदत दिली आहे. त्यानंतर करुणाचं दप्तर खुंटीला. आता वेबसाइट बाजूला ठेव आणि माझी पत्रं शोध.

रागावले आहे, तरी तुझीच,
अनुराधा आत्या


नवी दिल्ली
९ ऑगस्ट

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

पत्रं सापडली. फायलींच्या कपाटामागे एक गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला, वर महाराष्ट्र अशी चिठ्ठी. मोजली, एकशे सेहेचाळीस निघाली. सगळी मराठीत आणि सगळी आपल्याकडची. पांढुर्णा, सौंसर, लोधीखेडा. त्यात तुमची पहिली दोन पत्रं होती. बोरडोहची एकूण एकोणीस. कोणी संत्र्याच्या गाडीला थांबा मागितला आहे, कोणी पेन्शनचं विचारलं आहे. सहा-सात सोडली तर बाकीची पाकिटं उघडलेलीच नव्हती, ती मी आता उघडली.

झालं असं की कोणीतरी सुरुवातीला पाकिटावरचा मराठी पत्ता बघून पत्रं महाराष्ट्राची समजली, बाजूला काढली आणि मग ती पद्धतच पडली. गठ्ठा मोठा झाला की त्यातली थोडी तिकडच्या खासदारांना पाठवून देत. नोंदवहीत ती चढलीच नाहीत, म्हणून शंभर टक्क्यांचा हिशेब बरोबर येत होता. भैयाजींना खरंच माहीत नव्हतं. मी त्यांच्या पीएंना सांगितलं. ते म्हणाले, अधिवेशन चालू आहे, आता हा विषय नको, गठ्ठा जिथं होता तिथं ठेव.

मी ठेवला नाही. सगळ्याच्या फोटोकॉपी काढून मूळ पत्रं तुम्हाला पार्सलने पाठवली आहेत. नत्थूजींना एवढंच सांगा की थोडं थांबा.

कृपा असू द्या.

ऋषिकेश


सौंसर
१७ ऑगस्ट

ऋषिकेश,

पार्सल मिळालं.

वरची चिठ्ठीही मिळाली. महाराष्ट्र हा शब्द ज्याने लिहिला त्याचं अक्षर मी ओळखलं. ते अक्षर मी घडवलं आहे, आपल्या ओसरीवर, पाटीवर गिरवून घेऊन. कोणीतरी असं तू लिहिलंस. लिहिताना हात कसा चालला?

माझं पत्र तुझ्या हातून गेलं. पाकिटावर माझं नाव होतं, सौंसरचा शिक्का होता. तुमच्या भैयाजींवर मी महिनाभर आगपाखड केली, ती त्यांच्यावर आहेच, पण आता घरच्याच माणसाची लाज वाटते आहे आणि ती मी श्रीधरलाही सांगू शकत नाही. करुणा सोमवारपासून शाळेत गेलेली नाही. तिच्या जागी बसून विचार कर.

यावर मला गोड गोड उत्तर पाठवू नकोस.

आत्या


नवी दिल्ली
२२ ऑगस्ट

ती. आत्यास,

नमस्कार करायला तोंड नाही, तरी करतो.

चिठ्ठी माझीच. भैयाजी निवडून आल्यावर पत्रांची पोती आली होती आणि मी नवा होतो. पीएंनी सांगितलं की मराठी पत्रं महाराष्ट्रातली असतात, लोक चुकून पाठवतात, वेगळी काढ. आमच्याकडेही मराठी बोलतात, एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं. पण पहिल्याच आठवड्यात माझी हिंदी ऐकून तिघं हसले होते. नागपूरचा आहेस का म्हणून विचारत. मी घरी हिंदीच बोलतो असं खोटं सांगितलं होतं. त्या खोट्याला जपायचं म्हणून मी सौंसरचे शिक्के बघत गेलो आणि गठ्ठ्यात टाकत गेलो. पहिल्या दिवशी लाज वाटली. पुढं सवय झाली, मग नावं वाचणंही बंद केलं. तुमचं पाकीट हातात आल्याचं मला आठवत नाही. हे कबूल करायला मला सगळ्यात जड जात आहे.

सोबत माझ्या सहीचा कागद आहे. कोणती पत्रं कोणत्या तारखेला आली आणि मी ती कुठं ठेवली, ते त्यात आहे. ३० तारखेला भैयाजी सौंसरला जनसंवादाला येणार आहेत. तिथं हा कागद वाचा. माझं नाव गाळू नका. नाव गाळलं तर ते पुन्हा कोणीतरी होईल आणि सगळं पोस्टावर ढकलतील.

बाबांना मी आजच फोन करून सांगतो.

ऋषिकेश


सौंसर
४ सप्टेंबर

चि. ऋषिकेशला आत्याचे अनेक आशीर्वाद.

३० तारखेला इथलं सभागृह गच्च भरलं होतं. भैयाजी गोड बोलले. प्रत्येक पत्राला उत्तर देतो म्हणाले. मी गठ्ठा घेऊन उभी राहिले आणि बोरडोहचं विचारलं, तर हात जोडून म्हणाले, माताजी, आपका कोई पत्र आया ही नहीं. मग मी तुझा कागद काढला. तारखा वाचल्या, आकडे वाचले. तुझ्या नावापाशी आले आणि समोर पाहिलं. श्रीधर दुसऱ्या रांगेत मान खाली घालून बसला होता. नाव वाचलं की नोकरी जाणार, हे मला दिसत होतं, त्यालाही दिसत होतं. पण तू लिहिलं होतंस, म्हणून वाचलं. माझा भाचा आहे हेही सांगितलं. नाहीतर मागून कुजबुज झालीच असती.

त्यानंतर बोरडोहची एकोणीस पत्रं एकेकाने उठून वाचली. अंबाबाईचं करुणाने वाचलं. पीए मध्येच म्हणाले की हिंदीत थोडक्यात सांगा. त्यावर अंबाबाईने त्यांना विचारलं की माह्या दारावर कागद चिकटवला तवा तो कोनत्या भाषेत होता. सभागृह हसलं, पण मला हसू आलं नाही. भैयाजींना शेवटचं पत्र होईपर्यंत बसावं लागलं. लोकसभेत बोललो ते चुकीचं होतं, हिवाळी अधिवेशनात ते तिथंच दुरुस्त करेन, असं मी त्यांच्याकडून लिहून घेतलं. मराठीत लिहून दिलं त्यांनी, मी सांगितलं तसं. बोलतील की नाही देव जाणे. पण बोलले नाहीत तर मी आहे आणि तो कागद आहे.

तिसऱ्या दिवशी रेल्वेची माणसं आली. पंप लागला, नाली खोदणं चालू आहे. करुणा परवापासून शाळेत जाऊन राहिली. बुडालेले दिवस हेडमास्तर जादा वर्ग घेऊन भरून देणार आहेत, आणि ते त्यांनी नत्थूजींना घरी जाऊन सांगितलं.

तुला पहिल्या तारखेपासून येऊ नको म्हणाले, हे श्रीधरकडून कळलं. सभेनंतर तिसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला, आणि आम्ही दोघंही रडलो. ऋषी, माझा राग गेलेला नाही. ती दोन पत्रं मी अजून गठ्ठ्यातून काढून परत परत बघते. पण तू सही केलीस त्याचा मला अभिमान आहे, आणि तोही मला लपवता येत नाही.

बोरडोहला तोंड कसं दाखवू, असं तू श्रीधरला विचारलंस म्हणे. मी अंबाबाईला विचारलं. तिचं म्हणणं असं की त्या पोराले इकडं आना, पयले बोगद्यातून पायी चालवा, मंग मी त्याले जेवाले वाढतो. पाणी आता घोट्यापर्यंत उतरलं आहे. आटायच्या आत ये.

वाट बघणारी, तुझी
अनुराधा आत्या