फाटकावरचा दुसरा कागद

ल्युबेन,

सूप चुलीवर आहे, गरम करून घे. मी तुझ्या आईंना घेऊन सेव्लिएवोला चाललेय.

बाबांना जाऊन वर्ष झाल्याचा कागद आपण काल फाटकावर लावला ना, सकाळी त्याच्याशेजारी दुसरा दिसला. फोटो बाबांचाच. खाली मात्र ‘शोकाकुल: राद्का आणि मुलगी नेवेना’. बाबांचं हे दुसरं घर आईंना कळू नये म्हणून आपण नऊ वर्षं काय काय नाही केलं! पत्रं जाळली, खोटं बोललो, त्यापायी एकमेकांशीही धड बोलेनासे झालो. कागद सोडवायला मी गरम पाण्याचं फडकं घेऊन धावले, तर आई आधीच तिथे उभ्या. चष्मा लावून त्यांनी सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "कोपरा सुटलाय गं. आतून खळ आण."

बाबांच्या नावाने वाटायला गहू उकडलेत. अर्धे तिकडे, राद्काकडे नेतोय.

तो कागद काढू नकोस. मी फार दमलेय रे, आता आणखी काही लपवायला सांगू नकोस.

येताना नेवेना बरोबर असेल. आई म्हणतात, लहानपणी ती हुबेहूब तुझ्यासारखी दिसायची.

रुमेना