अंगातला गांजा आणि दारातला हवालदार

रत्नागिरी, मंगळवार

ती. मालिनीताईस,

धाकट्या भास्करचा साष्टांग नमस्कार. तुझी कंबर कशी आहे, भाऊजींची साखर उतरली का, ते कळव. आम्ही मजेत. मला अटक झाल्याचं तुझ्या कानावर आलं असेल, ते खरं नाही.

झालं असं. तुझी भाची मनस्विनी (औषधशास्त्रात पहिली आली, पेढे पोचलेच असतील) मागे जेवताना सांगत होती, की गांजा मेंदूत ज्या जागी जाऊन बसतो त्या जागा गांजासाठी नाहीतच. शरीर स्वतःच तसली द्रव्यं बनवतं, त्यांच्यासाठी आहेत. एकाला तर शास्त्रज्ञांनी आपल्या 'आनंद' शब्दावरून आनंदामाइड नाव दिलंय. मला इतका अभिमान वाटला, की दुसऱ्या दिवशी मिरकरवाड्याला बांगडे घेताना मी हे गंगाला सांगितलं. गंगा मासे विकते, बातम्या फुकट देते. माझ्या अंगात गांजा होतो, ही बातमी आमच्या आळीत शिरेपर्यंत अंगाच्या जागी परस आलं. (परसात नुसतं अळू आहे.)

संध्याकाळी हवालदार दारात. मी घाबरून त्यांना अळू दाखवू लागलो. मनस्विनीने त्यांना बसवून कोकम सरबत दिलं.

"माल ठेवता कुठे?" त्यांनी विचारलं.

"ठेवतच नाही. पेशी लागेल तेव्हा बनवते, काम झालं की तिथल्या तिथे मोडते," मनस्विनी म्हणाली.

मग तिने नीट समजावलं. एक मज्जापेशी दुसरीला निरोप धाडते. निरोपांचा मारा झाला, की ऐकणारीच हे द्रव्य उलट पाठवते, म्हणजे बाई, आता जरा हळू. भूक, वेदना, भीती, झोप, सगळ्यांचा तोल राखायला याची मदत होते. हवालदारांनी वही मिटली. बदली झाल्यापासून त्यांना धड भूक नाही, झोप नाही. हळूच म्हणाले, "माझ्या अंगात होत नसेल का हो ते?"

तिने आधी डॉक्टरांना दाखवायला सांगितलं, आणि रोज चालायला. चालण्याने ते द्रव्य वाढतं म्हणे.

आता आम्ही दोघं रोज सकाळी चालतो. ते तसेच ड्युटीवर जातात म्हणून गणवेशात असतात, त्यामुळे मला रोज हजेरीला नेतात अशी आळीची खात्री आहे. मी खुलासा करत नाही. माणूस चांगला आहे. काल आमच्याकडे तीन भाकऱ्या खाल्ल्यान.

तुझा
भास्कर

ता. क. मनस्विनीला पुण्यात दोन वर्षांसाठी संशोधनाची जागा मिळाली आहे. तुमची वरची खोली रिकामीच असते ना?

आणखी एक. तिचं सामान काल पार्सलने पाठवलं. पत्राच्या आधी पोचलं तर उतरवून घे.