तोंडावरचा पदर

आई, “तुझं शिक्षण लोकांच्या तोंडासाठी हाय, माझ्या न्हाय,” असं तू म्हणाली होतीस. तेर गावातल्या आपल्या स्वयंपाकघरात, माझ्याकडं पाठ करून. मी इतकंच विचारलं होतं की भाकरी एवढी कुस्करून का खातेस. तू सगळ्यांच्या मागून जेवायचीस, त्यामुळं तुझ्या ताटाकडं आमच्यापैकी कुणी कधी पाहिलेलंच नव्हतं. त्या दिवशी मी पाणी प्यायला आत आले, तर तू दुधात भिजवलेला तुकडा बोटानं एकाच गालाकडं सारत होतीस. ठेच्याची वाटी तशीच. ठेच्याशिवाय तुला घास उतरायचा नाही. तिखट झोंबतं का, असं विचारलं तर म्हणालीस, तोंड आलंय, उष्णता झालीय, सब्जा घेतेय. तुझ्या तोंडात बघायला मी बॅटरी आणायला उठले, तेव्हा ते वाक्य. पुढं जेव्हा जेव्हा विषय काढला, तू उठून गोठ्यात गेलीस.

धाराशिवला माझा दातांचा दवाखाना सुरू झाला, तेव्हा पहिले पेशंट तूच आणलेस. आपल्या आळीतल्या, तुझ्यासोबत मिश्री लावणाऱ्या बायका. सकाळी ओट्यावर तुमची बैठक बसायची, तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू बोटावर घेऊन तुम्ही दातांवरून फिरवायचात, दिवसातली तेवढीच काय ती तुमची स्वतःची वेळ. या बायकांना एसटीत घालून तू माझ्याकडं आणायचीस, खुर्चीत बसवायचीस आणि वर दटावायचीस, “आ कर की मोठा. नवऱ्याशी भांडताना उघडतंय तेवढं उघड.” सगळा दवाखाना हसायचा. तूही हसायचीस, तोंडावर पदर धरून. मला वाटायचं, सासरची जुनी सवय, लाजेची.

त्या बायकांच्या गालाआड पांढरा चट्टा दिसला की मी तो कापडानं पुसून बघायचे. पुसला गेला तर बहुतेक साधी बुरशी, न गेला तर कॅन्सरची काळजी. जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल तर तुकडा काढून तपासणीला पाठवायचा. तोंड किती उघडतं ते पेशंटच्याच बोटांनी बघायचं, तीन बोटं एकावर एक आत गेली पाहिजेत. हे सगळं मी बाकावर बसलेल्या तुझ्यादेखत मोठ्यानं समजावून सांगायचे आणि तू मान डोलवायचीस. म्हणजे तुला कळत होतं, आई. घरी जाऊन तू स्वतःची बोटं घालून पाहिली असणार. मला अजून तेच सहन होत नाही. तुला कळलं नसतं, तर मी तुला केव्हाच माफ केलं असतं.

शेजारच्या काकूंनी मला फोन करून सांगितलं, तोवर तुझ्या तोंडात दोन बोटंसुद्धा जात नव्हती आणि जबड्याखाली गाठ आली होती. मी येऊन भांडले, रडले. का लपवलंस, विचारलं. तू पदराआडून अर्धवट शब्दांत म्हणालीस, “डॉक्टरणीच्या आईचंच तोंड नासलंय म्हनल्यावर तुझ्याकडं कोन येईल गं? दवाखाना नवा हाय.” नवा म्हणे. पाटीचा रंग उडाला होता तोवर.

सोलापूरला, माझ्याहून लहान असलेल्या एका डॉक्टरपुढं तू निमूटपणे तोंड उघडलंस, जेवढं उघडत होतं तेवढं. त्याआधी त्याला सांगितलंस, “हिला भाईर थांबू द्या.” मी पडद्याबाहेर उभी राहिले. नंतर रिपोर्ट माझ्याच हातात दिला त्यांनी. कोणता गाल, किती खोल, कुठवर पसरलंय, मला त्यातला शब्द न् शब्द कळत होता. उभ्या जिल्ह्यातल्या बायकांची तोंडं पाहिली मी. तुझं एकदाही नाही.

आणि तुझा अंदाजही चुकला. तू गेल्यावर बायका कमी झाल्या नाहीत, वाढल्या. बेंबळीहून येतात, कळंबहून येतात. खुर्चीत टेकल्या टेकल्या सांगतात, “तुमच्या आईचं तसं झालं म्हनून आले, ताई. बघून घ्या.” परवा एकीचं दुखणं वेळेत सापडलं. ती माझा हात धरून म्हणाली, तुमच्या आईनंच वाचवलं मला. मला बरं वाटायला हवं होतं. मला तुझा भयंकर राग आला. खुर्चीत बसून, सगळ्या आळीसमोर तोंड उघडून तुला हेच करता आलं असतं, आणि वर तू जगलीही असतीस कदाचित. तू ते मरून केलंस.

मी बायकांना मिश्री सोडायला सांगते, चांगल्या कडक शब्दांत. पण एखादीनं तोंड उघडलं आणि भाजक्या तंबाखूचा तो वास आला, की मास्कच्या आत मी एक श्वास मुद्दाम खोल घेते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

हे पत्र कुठं टाकणार? तुला आलेली पत्रं वाचून दाखवणारीही मीच होते. शेवटचा पेशंट गेलाय, खुर्चीवरचा दिवा मी अजून बंद केलेला नाही. लहानपणी घास पुढं धरून तू मला म्हणायचीस, तेच आज मी तुला म्हणतेय. तू पदर ओढून घेशील, ठाऊक आहे. तरी एकदा इथं बस, आई. आ कर.