चादरीच्या घडीतला टॅब

ती. आक्कास,

दिग्विजयचा लांबूनच नमस्कार. (जवळून केला असता, पण पुढचं वाचून तुझा हात उठेल.) माळशिरसचं शिक्षकांचं प्रशिक्षण बरं चाललं असेल, गुडघाही दुखायचा थांबला असेल. हे फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच बोलली असतीस. पत्रात तसं होत न्हाय.

आधी चांगली बातमी. आरोहीनं पाच दिवस टॅबला हात लावलेला न्हाय. जाताना तू बजावलंस की, पोरीला टॅबशिवाय जेवायला शिकव, जमलं न्हाय तर पुन्हा तुझ्याकडं ठेवणार न्हाय. ते मी लई मनावर घेतलं. (बेळगावच्या खानावळीत मी होतो तेव्हा एक माणूस रोज पेपर समोर धरून जेवायचा, त्याला कुणी काही बोलायचं नाही. ते असू दे.) टॅब पिठाच्या डब्यात लपवला, तिनं काढला. देवाच्या फोटोमागं लपवला, तिनं पाया पडून काढला. शेवटी कपाटातल्या नव्या चादरीच्या घडीत सरकवला आणि निर्धास्त झालो.

रविवारी आपल्या शेजारच्या गुरुबसप्पा आण्णांचा गल्लीनं सत्कार केला, चाळीस वर्षं चादरींचा माग चालवला म्हणून. ऐनवेळी कळलं, सत्काराला द्यायची चादरच आणायची राहिली. मी पळत घरी आलो आणि वरची उचलली. आण्णांनी ती हातावर तोलली, डोळे मिटले आणि माइकवर म्हणाले, "असली वजनाची चादर आता कुटं निघत न्हाय." टाळ्या पडल्या. मीपण वाजवल्या. टॅब आठवला तो तिसऱ्या टाळीला.

दुसऱ्या दिवशी मागायला गेलो तर आण्णा भाकरी पुढं ठेवून कार्टून बघत बसलेले. त्यांची सून अक्कम्मा म्हणाली, आता ह्याच्याशिवाय घास घेत नाहीत. सत्कारात दिलेलं परत कसं मागायचं? तेव्हापासून आरोही रोज दुपारी तिकडं जाते आणि "आण्णा, आधी भाकरी," असं त्यांनाच दरडावते. अगदी तुझ्या आवाजात.

तुझा धाकटा,
दिग्विजय

ता. क. हात लावला न्हाय हे खरं. आण्णांच्या शेजारी बसून बघत मात्र होती.

ता. क. २. परवा टॅब बंद पडला. चार्जर चुकून तुझ्या बॅगेत गेलाय, तो लगेच पाठव, असं आण्णांनी लिहायला सांगितलंय.

ता. क. ३. पाठवू नकोस. कार्टूनमधल्या मांजराचं पुढं काय झालं ते आता आण्णाच सांगतात, निम्मं कानडीत, आणि काल ऐकता ऐकता आरोहीनं अख्खी भाकरी संपवली. तू आलीस तरी तिला आणखी आठ दिवस हितंच राहू दे की. मांजर अजून विहिरीत हाय.