चुलीच्या देवाचं तोंड

रवि. ११ जाने., देवणी
आमचा जनावरांचा दवाखाना बंद. दुपारी टीव्ही लावला. चिनी पिक्चर, हिंदीत बोलणारा. कोण देव, कोण राक्षस, कायबी कळंना. एक तर ढगावर पडून नुसता घोरून राहिला.

एक मात्र कळला. चुलीचा देव. जाडा, मिशावाला. वर्षभर चुलीपाशी बसून घरातलं बोलणं ऐकतो, वर्ष सरलं की वर जाऊन सगळं सांगतो. त्यानं गोड बोलावं म्हणून घरचे तो निघताना त्याच्या तोंडाला पाक फासतात. पिक्चरात सासूनं फासला, सुनेनं फासला, सासऱ्यानं चोरून फासला. वर दरबारात गड्याचं तोंडच उघडंना! नुसतं म्म्म. लई हसलो. हसता हसता मान वळवली, पोरीला, पिंकीला सांगायला. तिच्या खुर्चीवर वाळलेले कपडे.

शेवटालाच लाईट गेली. हात्तिच्या.

सोम. १२
भाकरी करपली. तो जाड्या देव डोक्यातून जाईना. आपल्या घरी असता तर वर काय सांगितलं असतं? पिंकीची आई कुंदा वारल्यापासून घरात बोलणं ते किती. एवढंच सांगितलं असतं, की मे महिन्यात पोरगी म्हणली, "पप्पा, मी लग्न ठरवलंय. एकदा त्याला भेटा तरी." अन् बाप म्हणला, "मला पोरगी नव्हतीच असं समजतो." ओट्यापाशीच. तिचे हात कणकीचे होते. तसल्याच हातानं बॅग भरली, नांदेडला गेली.

आमच्या आज्यानं दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव नदीत सोडले. चुगली करणारं कोणी न्हाई. पण बोललेलं कुठं जातंय?

बुध. १४
डॉ. मॅडमनी तिळगूळ दिला. "मामा, गोड बोला." मनात म्हणलं, कुणाशी? वडी खिशात.

घरी फोन हातात घेतला. माफी-बिफी आपल्याला जमत न्हाई. काय बोलायचं ते कागदावर मांडलं. १) तो देव शेवटी वर काय सांगतो? २)

फोन ठेवून दिला.

शुक्र. १६
वडी तोंडात टाकली अन् लावलाच फोन. दातात चिकटली, नेमका तेव्हाच तिनं उचलला.

"हॅलो? पप्पा?"

माझं म्म्म.

"पप्पा! छातीत दुखतंय का? जवळ कोणी हाय का?"

कशीबशी गिळली. "तसं न्हाई गं. रविवारचा चिनी पिक्चर... चुलीचा तो जाड्या देव शेवटी काय सांगतो?"

तिकडून नुसतं सूंसूं. हसून राहिली का रडून, कळंना. मग म्हणली, "पाहिलाय मी. फोनवर सांगत नसते. इथं या, ह्यांच्या लॅपटॉपवर लावू."

"बघू," म्हणलं. बघू कशाला म्हणलो, गाढव!

शनि. १७
उदगीरहून नांदेडच्या गाड्या विचारून आलो. रजेचा अर्ज लिहिला. कारणापाशी अडलो. घरगुती? प्रकृती? दोन कागद फाडले.

तिसऱ्यावर लिहिलं, मुलीकडे जाणे.

घडी करून खिशात ठेवलाय. मॅडम सोमवारी येतात.