क्लचवरचा पाय

मंगळवार, ३ नोव्हेंबर १९३६

झुलालला काढलं! सकाळी, चहा निवायच्या आत.

काल हे धुळ्याच्या कोर्टाला निघाले होते. एरंडोलच्या पुढे चढावर मोटार अडली – इंजिन बोंबलतंय, चाकं जागची हलत नाहीत, आणि जळकट वास. शेवटी बैल जुंपून परत आणली. वर्षातली ही तिसरी क्लचप्लेट. हे अंगणात उभे राहून म्हणाले, "बैलगाडीवाल्याच्या हाती मोटार दिली, चूक माझीच." झुलालनं किल्ली तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली, टोपी सारखी केली नि गेला. सहा वर्षांचा ड्रायव्हर, सहा पावलांत फाटकाबाहेर.

मी दाराआड. तोंडाला कुलूप. प्लेट कुणाच्या पायानं गेली ते मला पक्कं ठाऊक आहे – माझ्या.

बुधवार, ४ नोव्हेंबर

आज बुधवार. दुपारी फाटकाशी भोंगा वाजला नाही. जेवण गेलं नाही.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

कुठेतरी लिहिलंच पाहिजे, नाहीतर डोकं फुटेल.

ह्यांना कोर्टात सोडून झुलाल गाडी घरी आणतो – आणायचा. होळीनंतरच्या एका बुधवारी आपणहून म्हणाला, "अक्का, बठा. शिकाडस." मी उडालेच. वकिलाच्या बायकोनं मोटार हाकायची? ह्याच्या मनात आलं तरी काय? पण बसले. पदर खोचून, पिंप्राळ्याच्या रस्त्याला, चारी अंगांनी धुरळा.

पहिल्या दिवशी चपला काढल्या. पेडलला पाय लागला तसा हात लावून कपाळाला नेला. दसऱ्याला जिला हळदकुंकू वाहते, तिला लाथ कशी घालायची? म्हणून पाय नुसता टेकवायची, अर्धामुर्धा. झुलाल कपाळावर हात मारायचा. "दाबनं तं पुरं दाबा, अक्का. सोडनं तं पुरं सोडा. अर्धामाच तिना जीव जास." गिअर पडला की पाय उचलून खाली फळीवर. चढावर थांबायचं तर ब्रेक लावा, क्लचवर तोलून धरू नका. आणि उठता बसता एकच – "पायकडे ध्यान ठेवा. कोनाबी ऱ्हावो, पाय देखा."

आषाढापर्यंत जमलं मला. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं असणार. ह्यांचा तर प्रश्नच नाही. गावात हे मागच्या सीटवर रुबाबात. शीव ओलांडली की झुलाल शेजारी आणि चाक ह्यांच्या हाती. वकील स्वतः गाडी हाकताना पक्षकारानं पाहिला तर किंमत उतरते म्हणे! विलायती पुस्तक वाचून शिकलेत, त्यांचं काय चुकणार.

म्हणजे उरले मी. चोर सोडून संन्याशाला फाशी – आणि चोर इथं रोजनिशी लिहीत बसलाय.

रविवार, ८ नोव्हेंबर

झुलालची बायको भिकुबाई आली होती. नशिराबादेहून पायी. त्याचा खाकी कोट धुऊन, घडी घालून परत द्यायला. मी विचारलं, सध्या काय करतो?

"जिनमा कापूसन्या गाठी उचलस. खांदा सुजी गया."

जिनिंगात हमाली! तिला पाणी विचारायचंही मला सुचलं नाही. तिनंच उलट मला पाणी दिलं, माझ्याच घरात. जाताना म्हणाली, "तुम्हनं नाव त्यासनी कोठेच लिधं नही, अक्का. काळजी नका करा."

म्हणजे तिला माहीत आहे! सगळं. आणि ती मला धीर देऊन गेली. लाजेनं मेले.

सोमवार, ९ नोव्हेंबर

सांगून टाकलं. रात्रीचं पान वाढता वाढता, एका दमात. मी गाडी चालवते, मीच प्लेट खराब केली, झुलालला परत बोलवा.

हे हसले. पोट धरून हसले! "तू? मोटार? झुलालनं चांगलं पढवून पाठवलंय तुला." साक्षीदार खोटा ठरवायची सवय. घरातला सुद्धा सोडला नाही. मी रागानं आमटीचं भांडं आत नेलं.

आता नवा ड्रायव्हर नको म्हणतात. नवी प्लेट बसवून स्वतःच चालवणार, गावात सुद्धा. किंमत उतरली तर उतरो.

शुक्रवार, २० नोव्हेंबर

मी गाडीला शिवले नाही. शपथ घेतलीय.

गुरुवार, ३ डिसेंबर



सकाळी गाडी बाजारातच बसली. तोच वास! हिलाल मिस्त्रीनं गिअरची पेटी खोलली नि प्लेट ह्यांच्यापुढे धरली – कोऱ्या प्लेटीचं अस्तर घासून कागदासारखं. म्हणाला, "साहेब, पेडलवर पाय ठेईसन गाडी चालाडस कोनीतरी." महिनाभर गाडीला हात लावला तो फक्त ह्यांनी. तरी मला काही उलगडेना. हे तर गिअर कसे झोकात टाकतात.

संध्याकाळी दत्ताचं भजन. हे नेहमीसारखे पायपेटीवर, भाता पायानं हलवत. मी कापूर घेऊन गेले तर धोतराखाली डावा पाय दिसला. हलकेच दाबला जातोय, हलकेच सुटतोय, पण उचलला म्हणून जात नाही. पायपेटीवर पाय उचलला की सूर तुटतो. वीस वर्षं पेटीवर घडलेला पाय तो. तो मोटारीत तरी कसा उचलला जाणार?

कापराचं ताट हातातून निसटलं. भजन थांबलं. चारचौघांत माझ्या तोंडून निघून गेलं – "अहो, तुमचा पाय!"

ह्यांनी खाली पाहिलं. मग पेटी मिटली.

शनिवार, ५ डिसेंबर

रात्री हे म्हणाले, "उद्या टांगा सांग. नशिराबादला जायचंय."

रविवार, ६ डिसेंबर

ह्यांनी किल्ली स्वतःच्या हातानं झुलालला दिली. त्यानं घेतली. हे भिकुबाईच्या चहाला आत गेले तेव्हा मी त्याला विचारलं, तुला ठाऊक होतं?

"पहिल्या प्लेटपाईनच."

मग सांगितलं का नाही रे, बाबा?

"मालकले डायवरनं कसं सांगानं, अक्का? तुम्ही सांगू शकतस. म्हनीसन तं तुम्हले गाडी शिकाडी."

आणि त्या मंगळवारी मी दाराआड उभी होते.