धाकट्या जावयाची फटफटी

ती. मामांना,

घोडेगावहून थोरल्या जावयाचा, संपतचा, साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे आता वाकत असतील, मामींचा खोकला थांबला असेल. आमचं बरं चाललं आहे, म्हणजे खोडदला साडूंकडे न जाता जेवढं बरं चालतं तेवढं.

तुम्ही तुमची जुनी फटफटी साडूंना, गोरखरावांना, दिलीत आणि मला मनगटी घड्याळ. याबद्दल माझी तक्रार नाही (घड्याळ छान आहे, त्यावर बसता येत नाही एवढंच). पण त्यांनी काय मांडलंय ते तुमच्या कानावर घालायलाच हवं. परदेशात म्हणे मिठाच्या सपाट मैदानावर जुन्या मोटरसायकली नुसत्या वेगासाठी पळवतात आणि त्यांचे विक्रम लोक वर्षानुवर्षं सांगतात. ते मोबाईलवर पाहून यांनी रविवारी कालव्याकडेचा सरळ रस्ता मोजला, दोन्ही टोकांना चुना ओढला आणि तुमची गाडी विक्रमाला उभी केली. घड्याळवाला म्हणून वेळ लावायला मी.

जाताना गाडी पळाली, खोटं कशाला बोलू. (मध्येच टोमॅटोच्या पिकअपने मागून हॉर्न देऊन साईड मागितली, ते गोरखराव कुणाला सांगत नाहीत.) पलीकडच्या टोकाला आम्ही सगळे उभे होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. मग मीही मोबाईलवर वाचलेला नियम काढला, की वारा पाठीशी असतो, म्हणून उलटंही पळवायचं आणि दोन्हींची सरासरी धरायची. गोरखरावांनी गाडी वळवली आणि ती बंद पडली. मामा, मला फार बरं वाटलं. तेवढ्यात आमची अश्विनी म्हणाली, "आवो, बगताय काय, ढकला की."

ढकलली. नियम माझाच होता. गाडी चालू होताच तुमची लेक पळत जाऊन मागे बसली आणि दोघं धूर सोडत निघून गेले. परतीची वेळ कुणी लावलीच नाही, कारण वेळ लावणारा गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होता.

आल्यावर तुमची आठवण काढून म्हणाली, "आबांच्या मागं बसून शाळंत चालल्यागत वाटलं." माझ्या स्कुटीवर इतकी वर्षं बसते आहे, तिला कधी कशागतही वाटलं नाही. हे मात्र मला लागलं.

तुमचा,
संपत

ता. क. गाडी फार धूर सोडते. तुम्ही गोरखरावांना चार शब्द सुनावा आणि ती थोडे दिवस माझ्याकडे ठेवायला सांगा. अश्विनीला मागे बसवून आहुप्याच्या देवराईपर्यंत नेऊन आणीन म्हणतो.

आणखी एक. गाडी आधी तुमच्याच अंगणात मागवा, दुरुस्तीचं निमित्त सांगा. मीही येतो. मला गिअरची गाडी येत नाही. गोरखरावांना हे कळू देऊ नका, आणि शिकवताना मागे तुम्हीच बसा.